मयताच्या जागी उभा राहिलो ती सकाळ

मोजणीवाला शिवारात शिरला की आधी चहा येतो आणि त्याच्या मागोमाग भांडण. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी बहुतेक नोकरी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत झाली, आणि या दोन्ही गोष्टी मी भरपूर पचवल्या. भूकरमापक हा शब्द सरकारी. गावात आम्हाला ‘मोजणीवाले’ म्हणतात. पाठ वळल्यावर काय म्हणतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

काम समजायला सोपं आहे. जमिनीचा जुना नकाशा कचेरीत असतो. तो प्रत्यक्ष जमिनीवर उतरवून दाखवायचा. बांध कुठे होता, आज कुठे आहे, मधल्या काळात तो कोणी आणि कुणीकडे सरकवला, हे लगतच्या शेतकऱ्यांसमोर सांगायचं आणि खुणा करून परत यायचं. आधी साखळी ओढायचो, मग फलकावर कागद ताणून रेघा मारायचो, शेवटी यंत्रं आली. यंत्रं बदलली, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बदलला नाही. आपली जमीन कमी भरणार आणि शेजाऱ्याची जास्त, हे प्रत्येकाला आतून ठाऊकच असतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुंबईच्या एका गृहस्थांनी पळसदरीच्या बाजूला जागा घेतली होती. भर उन्हाळ्यात मोजणीला मला काळ्याठिक्कर कातळासमोर उभं करून म्हणाले, “हा धबधबा माझ्या हद्दीत येतो ना? तेवढं बघा.” धबधबा त्या वेळी नव्हताच. मी कातळ मोजून दिला. दुसरीकडे डोंगराखालच्या एका गावात एक म्हातारी शिवेवर दगड पुरू देईना. म्हणाली, “आधी हाळी द्या. शिवंवर बसलेला असंल तो बाजूला झाला पायजे. तुमी मोजून जाल रं, राहायचं आमाला हाय.” माझ्या शिपायाने टोपी काढून गंभीरपणे हाळी दिली, “मोजणी आली होऽ!” मला हसू आलं होतं. पण समोरच्या करवंदीच्या जाळीत खरंच काहीतरी खसफसलं, आणि शिपायाने टोपी परत घातलीच नाही.

या सगळ्यांत एक काम असं, की त्याचं पत्र आलं की कचेरीतला प्रत्येकजण एकदम आपल्या टेबलावरच्या कागदात डोकं घालतो. गुन्ह्याच्या जागेचा नकाशा. पोलिसांच्या मागणीवरून आपण जायचं, मयत कुठे होता, आरोपी कुठे होता, मध्ये झाड, विहीर, कुंपण काय आहे ते मोजून काढायचं. काम एका सकाळचं. पण पुढे खटला उभा राहिला की साक्षीला जावं लागतं, वकील उलटेसुलटे प्रश्न विचारतात, आणि बायको विचारते, “तुमचा काय संबंध?” असे नकाशे मी बरेच काढले. त्यातला एकच अजून माझ्या अंगावर येतो. त्याबद्दल लिहितो. माणसांची नावं बदलली आहेत.

कर्जतात सबनीस म्हणून एक जुनं घराणं. त्यातल्या भाऊसाहेबांचं औषधांचं दुकान होतं. अर्ध्या रात्री दार वाजवलं तरी चिडचिड न करता औषध काढून देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. वय झाल्यावर दुकान पुतण्याकडे सोपवून ते बायकोला घेऊन पळसदरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी शेतघरात राहायला गेले. तिथे एकदा दरोडा पडला. चोरट्यांनी भाऊसाहेबांना खांबाला बांधलं आणि सुनंदाबाईंच्या गळ्याला कोयता लावून कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. किल्ल्या मिळाल्या, चोर गेले, पुढे सापडलेही नाहीत. सुनंदाबाईंच्या गळ्यावर एक बारीक रेघ राहिली. त्यानंतर त्या बोलायच्या बंद झाल्या नाहीत, पण कुजबुजल्यासारखं बोलू लागल्या. भाऊसाहेबांनी बंदुकीचा परवाना काढला.

काशिनाथ हा खालच्या गावातला शेतकरी. थोडी भातशेती, आणि हंगाम संपला की खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी काम. श्रावणात एका रात्री त्याचा बैल दावं तोडून गेला. पहाट फुटल्यावर काशिनाथ त्याला शोधायला निघाला. डोंगरावरून धुकं उतरलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत धुकं असं उतरतं की स्वतःच्या अंगणातली तुळस दिसत नाही.

भाऊसाहेबांचं म्हणणं असं, की कुत्रा भुंकला म्हणून ते ओसरीवर आले. बंदूक हातात होती. कुंपणाच्या आत एक माणूस उभा दिसला. त्यांनी “कोण आहे?” म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. माणूस पुढे आला, त्याच्या हातात कोयता होता. त्यांनी गोळी झाडली.

काशिनाथ दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. त्याच्या कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी होती. ती रिकामी होती. कोयता बाजूला ओल्या गवतात पडलेला सापडला. तो हातातून पडला, की पडताना कमरेतून निसटला, की उचलताना गाववाल्यांच्या धक्क्याने पडला, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. बैल दुपारी आपल्या पायांनी घरी आला.

मी नकाशा काढायला गेलो तेव्हा धुकं नव्हतं. गवत दबलेलं होतं, तिथे पोलिसांनी चुना टाकला होता. घर, ओसरी, कुंपणातली पडकी जागा, आंबा, चुन्याची खूण. सगळं मोजलं, कागदावर आणलं, सही केली. काम म्हणून सोपं होतं.

मग जी चर्चा सुरू झाली तिला दोन्ही तालुके कमी पडले. कर्जतच्या बाजारपेठेत सबनिसांना ओळखणारे म्हणायचे, एवढा सज्जन माणूस, उगाच कोणाला मारेल का? गावाकडचे म्हणायचे, सज्जन असेल, पण मेला तो आमचा. खालापुरात तहसील कचेरीवर एक मोर्चा आला आणि काही दिवसांनी विरुद्ध बाजूचा दुसरा. टीव्हीवाले खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर कॅमेरा लावून, वडापाव खाणाऱ्या माणसांना ‘स्वसंरक्षणाचा हक्क’ या विषयावर बोलायला लावत होते. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून दोन भाचे बाहेर पडले.

मी शिळफाट्यालाच राहतो. तिथल्या सलूनमध्ये एकदा दाढीला बसलो होतो. मागच्या बाकावर दोघांची जुंपली.

“माणसानं स्वतःच्या अंगणात काय करायचं मग? हात जोडून उभं राहायचं?” एक दुकानदार म्हणत होता. “एकदा गळ्याला कोयता लागलेला आहे त्यांच्या घरात.”

“तो लावला दुसऱ्यानं,” दुसरा म्हणाला. तो पायथ्याच्या गावातला टेंपोवाला. “कोयता हाय म्हणून गोळी घालायची तर आमच्या गावात एक माणूस उरायचा नाय. आमी लग्नाला जाताना तेवढा काढून ठेवतो.”

“धुक्यात काय कळतंय त्यांना कोण आहे ते?”

“नाय कळत ना? मग कळंपर्यंत थांबायचं!”

न्हावी वस्तरा माझ्या गळ्याशी धरून दोघांकडे बघत होता. मी म्हटलं, “बाबा, तू आधी माझं आवर.” सगळे हसले, तेव्हा त्यांना कळलं की खुर्चीत कोण आहे. टेंपोवाला म्हणाला, “साहेब, नकाशा तुमी काढलाय. तुमीच सांगा, कोणाचं खरं?” मी म्हटलं, नकाशात अंतर असतं, खरं-खोटं नसतं. उत्तर बरं जमलं असं मला वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “माझ्या गळ्याला कोणी कोयता लावला असता, तर तुम्ही पुढच्या वेळी थांबला असतात?” रात्री जेवताना तीच म्हणाली, “त्याची बायकोही अशीच भाजी चिरत असेल हो.”

सत्र न्यायालयात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी नकाशा शाबित करून घेतला. मग आरोपीचे वकील उठले. शांत, गोड बोलणारे गृहस्थ.

“तुमच्या नकाशात झाड कसं दाखवतात?”

मी खूण दाखवली.

“विहीर? देऊळ? खडक?”

त्याही दाखवल्या.

“आणि धुकं?”

“धुक्याची खूण नसते, साहेब.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी नकाशा उचलून बराच वेळ निरखला. पुढे काही दिवसांनी कळलं की ते स्वतः जागा पाहायला येणार आहेत, त्याच हंगामात, त्याच वेळेला. कायद्यात तशी सोय आहे. मलाही हजर राहायचं होतं, मूळ खुणा दाखवायला.

त्या सकाळी धुकं असं होतं की गाडीतून उतरल्यावर माझे स्वतःचे बूट मला अंधुक दिसत होते. शेतघर बंद होतं. सुनंदाबाई माहेरी होत्या. ओसरीवर बाहेरचा दिवा लावला होता, गोळी झाडली त्या सकाळी होता तसा. न्यायाधीश, कोर्टाचा लेखनिक, दोन्ही वकील, आणि आपल्या वकिलांच्या शेजारी भाऊसाहेब. जामिनावर होते. खूप वाळले होते. मला त्यांनी ओळखलं, मान हलवली. कुंपणाबाहेर रस्त्यावर पोलीस, गावातली माणसं, एक-दोन वार्ताहर. दिसत कोणीच नव्हतं. नुसतं खोकणं ऐकू येत होतं.

पाहणी सुरू व्हायची वाट पाहताना सरकारी वकील मला हळूच म्हणाले, “कायदा दोनच गोष्टी विचारतो. भीती खरी होती का? आणि तशी भीती दुसऱ्या कुठल्याही समंजस माणसाला तिथे वाटली असती का? पहिलं त्याच्या पोटात, दुसरं आपल्या सगळ्यांच्या. आता पोटात कसं शिरायचं, सांगा.”

न्यायाधीशांनी ठरवलं की एका माणसाने मयताच्या जागी उभं राहायचं. आधी रिकाम्या हाताने, मग कोयता कमरेला लावून, मग हातात घेऊन. ते स्वतः ओसरीवरून पाहणार. कोणाला उभं करायचं म्हणून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

“मयताची उंची साधारण यांच्याएवढीच होती ना?”

दोन्ही वकील एकदम हो म्हणाले. खटल्यात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मी यंत्राने जागा नक्की केली आणि तिथे जाऊन उभा राहिलो. तोवर मी ती जागा फक्त मोजली होती. मोजणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं, हे मला तिथे कळलं. घर नाहीसं झालं होतं. कुंपण, आंबा, काहीच नव्हतं. चारी बाजूंनी पांढरं, आणि त्या पांढऱ्यात समोर पिवळट दिव्याचा एक गोळा. त्याच्याखाली माणसासारखं काहीतरी. तेवढीच एक ऊब त्या सगळ्या सकाळीत होती.

गवताचं पाणी पायात झिरपत होतं. मागे कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजली. कोणाची तरी गुरं चरत असणार. पण ती घंटा आधी डावीकडे वाजली, मग अगदी पाठीशी, मग कुठेच नाही. माझ्या मानेवर कोणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. एकच वाटलं, त्या दिव्यापाशी जावं. माणूस आहे तिथे, त्याच्याशी बोलावं. मला हलू नका म्हणून स्पष्ट सांगितलेलं होतं. तरीही माझा पाय पुढे पडला. मी टाकला असं मला आजही म्हणता येत नाही.

आणि ओसरीवरून किंकाळी आली.

“आला! आला, हातात आहे त्याच्या! सुनंदा, आत जा!”

भाऊसाहेबांचा आवाज. काहीतरी पडल्याचा आवाज झाला, खुर्ची असावी. वकील “भाऊसाहेब, भाऊसाहेब!” म्हणत होते. मी जागच्या जागी गोठलो. गोळी येणार असं मला वाटलं. बंदूक तिथे नव्हती, ती कोर्टाच्या ताब्यात होती, हे मला चांगलं माहीत होतं. पण माझं अंग गोळीची वाट बघत होतं.

न्यायाधीशांनी मला जवळ बोलावलं. मी सांगितलं, “साहेब, मी एक पाऊल पुढे आलो. चूक झाली.”

“हातात काय होतं?”

“काही नव्हतं. कोयता अजून पोलिसांकडेच आहे.”

भाऊसाहेब ओसरीच्या खांबाला पाठ लावून खाली बसले होते. दात वाजत होते. ते नाटक नव्हतं. मी आयुष्यभर बांधावर खोटं रडणारी माणसं पाहिली आहेत, मला तेवढं कळतं. ती भीती खरी होती. पण ज्याला घाबरून ते किंचाळले तो मी होतो, आणि माझे हात रिकामे होते.

दोन्ही वकिलांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. न्यायाधीशांनी हात वर केला. आरोपी जे बोलला ते पुरावा नाही, त्याची नोंद होणार नाही, असं सांगून त्यांनी पाहणी पुढे चालू ठेवली. मी कोयता कमरेला लावून उभा राहिलो, मग हातात घेऊन. ओसरीवरून आकृती दिसते, हातातली वस्तू ओळखता येत नाही, अशी नोंद झाली.

बाहेर पडलो तर कुंपणापाशी धुक्यातून एक बाई पुढे आली. काशिनाथची बायको, हिराबाई. किंकाळी तिनेही ऐकली होती.

“साहेब, तुमी त्यांच्या जागी उभं व्हतात?”

“हो.”

“तिथनं काय दिसतं?”

साक्षीदाराने असं बोलावं की नाही, मला माहीत नव्हतं. पण ही बाई कोर्ट नव्हती. मी म्हटलं, “दिवा दिसतो. दिव्याखाली माणूस उभा आहे एवढं कळतं.”

“बंदूक?”

“नाही दिसत.”

तिने ओसरीच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजी त्यांना वाटलं असंल, कुनीतरी जागं हाय. बैल बघितला का इचारावं.” पदराने तोंड पुसून ती वळली आणि दोन पावलांत दिसेनाशी झाली.

संध्याकाळपर्यंत ती किंकाळी दोन्ही तालुक्यांत पोचली. एक बाजू म्हणाली, बघा, रिकाम्या हातात कोयता दिसतो याला, त्या दिवशीही असाच दिसला असणार. दुसरी म्हणाली, बघा, माणूस किती घाबरलेला आहे, अजून काय पुरावा हवा? दोघांचं ऐकताना मला दोघांचंही पटायचं, आणि त्यामुळे मी कोणालाच आवडेनासा झालो. सलूनमध्ये मी गेलो की विषय बदलायचा.

निकाल भाऊसाहेबांच्या बाजूने लागला. आधीचा दरोडा, धुकं, हाकेला न आलेलं उत्तर, गवतातला कोयता, हे सगळं धरून संशयाचा फायदा देऊन त्यांना सोडलं. कर्जतात काहींनी पेढे वाटले. खालच्या गावात त्या दिवशी चूल पेटली नाही असं ऐकलं. सरकारने वर अपील केलं, ते चालू आहे. हिराबाई आता त्या कारखान्यातच कामाला जाते, शिळफाट्यावर बसची वाट बघताना दिसते. मी नमस्कार करतो, तीही करते. निकाल बरोबर की चूक, हे मला अनेकजण विचारतात. मी न्यायाधीशांच्या जागी उभा नव्हतो. ज्या जागी होतो तिथलं सांगितलं.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी दाराची बेल वाजली. भाऊसाहेब एकटेच आले होते. सुनंदाबाई मधल्या काळात गेल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, बायको चहा ठेवायला आत गेली. ते खुर्चीच्या कडेवर बसले. इकडचं तिकडचं काहीच बोलले नाहीत.

“त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?”

“काही नव्हतं, भाऊसाहेब.”

“कोयता तुम्हाला नंतर दिला, ते मला माहीत आहे. मी पहिल्या वेळचं विचारतोय.”

“पहिल्या वेळी हात रिकामेच होते.”

“असं कसं होईल? मला पातं दिसलं. ओलं होतं, चकाकत होतं.” त्यांचा आवाज सुनंदाबाईंसारखा कुजबुजता झाला होता. “सगळे म्हणतात, सुटलात. पेढे देतात हो हातात. तुमच्या हातात जर काही नव्हतं, तर मग त्याच्या...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. त्या माणसाला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी म्हणावं, होतं काहीतरी. काठी होती, छत्री होती, पट्टी होती. मला म्हणता आलं नाही.

मी खुर्ची जवळ ओढली आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले, तळवे वर करून.

“हे बघा. असेच होते.”

त्यांनी खाली वाकून बघितलं. डाव्या हातावरून नजर उजव्यावर आली आणि तिथेच थांबली. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. हळूहळू ते उठले, पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकत गेले, आणि एक हात मागे धरून दार चाचपू लागले. चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको उंबऱ्यातच उभी राहिली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.